काकांच्या कोयतीला झाड हवं

आमच्या ऑफिसचे किस्से स्वयंपाकघरातल्या पिशव्यांच्या पिशवीसारखे आहेत. एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात, आणि परत काही कोंबता येत नाहीत. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं छोटं ऑफिस, मी परचेसला. काम अडलं की टेबलाखाली माझा पाय हलायला लागतो. त्या डिसेंबरात तो थांबलाच नाही.

कारण समोरच्या डेस्कवरचा पास्कल. मूळचा वसईचा. मार्चमध्ये आई गेली, म्हणून नाताळला त्याने वडिलांना अल कुसैसला आपल्या घरी आणलं. काकांनी लगेजमध्ये टॉवेलात गुंडाळून कोयती आणली. वसईला दरवर्षी ते बांधावरच्या सुरूची फांदी स्वतः कापायचे, तेच त्यांचं ख्रिसमस ट्री. काकू दारातच म्हणायच्या, "वाकडं आणलंत." पंचेचाळीस नाताळ, पंचेचाळीस वेळा.

"बाय, मला फक्त एक फांदी कापायची जागा दाखव," काका मला म्हणाले.

"काका, दुबईत मिळत नाही असं काही नाही," मी बोलून बसले. परचेसवाल्यांची खोड!

*

आधी झाडांच्या बाजारात नेलं. जाळीत बांधलेली ख्रिसमस ट्री रांगेने उभी. स्वतः कापायचंय म्हटल्यावर मल्याळी दुकानदार हसला. "अंकल, कटिंग हॉलंड में हो गया. आप सिर्फ कार्ड मारो."

साडेतीनशे दिरहॅम. "म्हणजे आठ हजार रुपये," पास्कल मोठ्याने म्हणाला. काकांनी बुंध्याचा वास घेतला.

"विकत आणलेलं झाड म्हणजे फर्निचर," म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

*

पास्कलच्या सहा वर्षांच्या रियाला आजोबांची दया आली. तिने घरातलं प्लास्टिकचं झाड पुढे केलं. "ग्रँडपा, यू कॅन कट माइन."

काकांनी खरंच कोयती उचलली. सुनेने ती काढून घेतली आणि फ्रिजवर ठेवली.

*

मग काका रोज सकाळी फिरायला जायला लागले. पास्कलला वाटलं, चला, मन रमतंय. चौथ्या दिवशी वॉचमनचा फोन. रस्त्याकडेच्या तीन झाडांना लाल चिंध्या कोणी बांधल्या?

काका वसईला फांदी आधी हेरायचे आणि चिंधी बांधून राखून ठेवायचे. इथे फांदी तोडली तर दंड! पास्कल अनवाणी धावला. तोवर बिल्डिंगमधल्या फिलिपिनो बायकांनी एका झाडाला सॅटिनच्या रिबिनीसुद्धा बांधून टाकल्या होत्या.

"व्हेरी नाइस आयडिया, सर," एकीने त्याचंच कौतुक केलं.

*

ऑफिसच्या कुंड्या बघायला येणारे सावंत कुडाळचे. गल्फमध्ये सोळा वर्षं, रस्त्याकडेची झाडं छाटणाऱ्या कंपनीत फोरमन. त्यांना गाठलं.

"मॅडम, एका फांदीला मला तीन परमिटं लागतात. काकांचा नंबर लागेल रमजानला, इन्शाल्ला."

मी हसले, पण इकडे काकांचं जेवण कमी झालं होतं. "तिकीट बदल, मी घरी जातो," एवढंच ते म्हणत. वसईचं घर कुलपात होतं. पास्कलचा चेहरा बघवेना. दुबईत सगळं मिळतं म्हणणारी मीच होते, त्यामुळे मला तर घरीसुद्धा बसवेना.

*

बावीस तारखेला सावंतांचाच फोन आला. रास अल खैमाकडे एका अरबाच्या शेताला वारा अडवायला लावलेली सुरूची रांग आहे. मालक कापू द्यायला तयार आहे. यल्ला, निघा लगेच!

काका, पास्कल, सावंत आणि मी पोचलो, तर मालकाने आधी बसवलं. कहवा, खजूर, परत कहवा. ऊन उतरत होतं आणि माझा पाय गालिच्यावर हलत होता. तेवढ्यात बाहेर घरघर ऐकू आली. आम्ही पळालो. त्याच्या माणसाने रांगेतलं सगळ्यात सरळ, वीस फुटी झाड मशीनने आडवं केलं होतं.

"मेहमान काम नहीं करेगा, हबीबी," मालक प्रेमाने म्हणाला. पास्कलने कपाळाला हात लावला. मला रडू यायचं बाकी होतं.

काका कोयती घेऊन रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे एक सुरू वाऱ्याने पार कलला होता. त्याची खालची फांदी त्यांनी चार घावांत उतरवली, खांद्यावर टाकली आणि परत आले.

घराच्या दारात मालकाची म्हातारी आई खुर्चीवर बसली होती. तिने फांदी बघितली, काकांकडे बघितलं, तळहात उभा धरून तिरका केला आणि अरबीत काहीतरी खणखणीत सुनावलं.

सावंतांनी भाषांतराला तोंड उघडलं.

"राहू दे," काका म्हणाले. "कळलं मला."