खांद्याचा कौल

घाटकोपरच्या नलिनीताई घरी ब्लाउज शिवतात. ‘छाती छत्तीस, कंबर तीस’ हे शब्द दिवसभर त्यांच्या तोंडात असतात. त्यांचे यजमान दत्ताराम मात्र इतक्या वर्षांच्या संसारात यातला पहिला शब्द कधी उच्चारू शकले नाहीत. गिऱ्हाईक आलं की ते गॅलरीत जातात आणि तुळशीला पाणी घालतात. धंदा बरा चालतो, त्यामुळे दोन तुळशी कुजल्या.

मुलीच्या, जान्हवीच्या, हट्टापायी नलिनीताईंनी मॅमोग्राफी केली, तेव्हा डाव्या स्तनात चुन्याचे कण दिसले, बारीक रव्यासारखे. हाताला गाठ लागत नव्हती, दुखतही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कण संशयास्पद वाटतात. मोठं ऑपरेशन नको, जाड सुईने काढून तपासू.” नलिनीताई घाबरल्या. घाबरल्या की त्या काजं करतात. त्या दिवशी हूक लावायच्या ब्लाउजलाही त्यांनी काजं केली.

दत्तारामांनी आपल्या परीने हातपाय हलवले. गावी फोन करून गुणाजी गुरवाला कौल लावायला सांगितला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून विचारायचं. उजवी पडली तर दुखणं साधं. उजवी पडली.

“देवान उजवो दिल्यान,” दत्ताराम म्हणाले. “आता सुई कित्याक?”

नलिनीताईंना एकदम हलकं वाटलं. सुई रद्द करायची, असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं. मग सहज विचारलं, “गुणाजीक काय म्हणान सांगितल्यात?”

दत्ताराम तुळशीकडे बघू लागले. “खांद्याचा दुखणा.”

“खांद्याचा?”

“तेका कसा सांगूचा? सगळी वाडी ऐकता.”

देवाची यात काही चूक नव्हती. त्याला खांद्याबद्दल विचारलं, त्याने खांद्याबद्दल सांगितलं, आणि खांदा खरोखरच ठणठणीत होता. नलिनीताईंना नवऱ्याचा संताप आला. त्या संतापातच त्यांनी जान्हवीला फोन करून सुई पक्की केली.

हॉस्पिटलात त्यांना भोक असलेल्या टेबलावर पालथं झोपवलं. भोकातून खाली आलेला स्तन यंत्राने दाबून धरला, बधिर केला. कॉम्प्युटरवर जागा बघून सुई आत गेली आणि कणांसकट मांसाचे बारीक तुकडे ओढून घेऊ लागली. तुकड्यांचा तिथेच फोटो काढला. कण सगळे आले होते. आत एक इवलीशी क्लिप ठेवली, पुढे जागा सापडावी म्हणून. खडूची खूण असते तशी, हे नलिनीताईंना लगेच पटलं. तेवढा वेळ न हलता पालथं पडल्यामुळे त्यांचा खांदा मात्र जाम दुखायला लागला. हे त्यांनी दत्तारामांना मुद्दामच सांगितलं नाही.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. तसंच सोडलं असतं तर पुढचं सांगता आलं नसतं. दर सहा महिन्यांनी तपासणी, चुकवायची नाही.

दत्तारामांनी रिपोर्ट स्वतः वाचून काढला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते गॅलरीत गेले नाहीत. नलिनीताई माप घेत असताना त्यांनी गावी फोन लावला. गावात रेंज धड नसते, ओरडावं लागतं.

“गुणाजी, देवाक परत गाऱ्हाणा घाल. खांदो नव्हतो. छाती. माझ्या बायलेची छाती. होय रे, छातीच. आणि वाडीतल्या बायकांका सांग, तपासून घेवा म्हणान.”

नलिनीताईंच्या हातातली टेप सुटली. गिऱ्हाइकाचं माप त्यांना पुन्हा घ्यावं लागलं.