सूज नसलेलं दुखणं

"हात दाखय बघूया. सूज खंय आसा?"

भाटकारीणबाईंनी माझं मनगट धरलं आणि सगळ्या बायकांच्या देखत अंगठ्यानं दाबलं. बाजारात भोपळा दाबून बघतात, तसं. मी कळवळले. त्या हसल्या.

"ताप नाय, सूज नाय. आंगात आळस भरलो आसा, दुसरां काय नाय."

बायकाही हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "नाचूक येयना, आंगण वाकडां." आवाज माझ्या शेजारणीचा होता. तीही माझ्यासारखीच फुकट राबायला आलेली.

गणपतीची चवथ तोंडावर आली होती. हळर्णात आमचं घर भाटकारांच्या जमिनीत. भिंती आजेसासऱ्यांनी उभ्या केलेल्या, माती भाटकारांची. आम्ही त्यांचे मुंडकार. म्हणून चवथ आली की मुंडकारांच्या बायकांनी भाटकारांकडे जायचं. नारळ खवायचे, करंज्यांसारख्या नेवऱ्या लाटायच्या, तांब्याची भांडी घासायची. निघताना केळीच्या पानात बांधलेल्या नेवऱ्या मिळायच्या. त्या दोन्ही हातांनी घ्यायच्या. गोवा मुक्त झाला, मुंडकाराला घरातून काढता येणार नाही असा कायदा झाला, पण चवथीला ही रीत कुणी मोडली नव्हती. बोलावणंही येत नसे. आम्ही आपापल्या पायांनी जायचो.

त्या दिवशी मला आदोळीवर बसवलं. खवणी लावलेल्या त्या विळीसमोर नारळांचा ढीग. "बस थंय. बघूया कशी दुखता ती."

मी खवायला लागले. खांद्यापासून बोटांपर्यंत आग. बोटं आपोआप उघडली, करवंटी निसटली, खोबरं जमिनीवर सांडलं.

"पाड, पाड. मुद्दाम पाड." मग बाई बाकीच्यांकडे वळल्या. "बघून ठेवा गो. ढोंग असां असतां."

मी सांडलेलं गोळा केलं. म्हणाले, "चुकलां, बाय."

काय चुकलं होतं माझं? अंग दुखत होतं, ते? घरी येईस्तोवर तेच शब्द तोंडात कडू लागत होते.

मी दोडामार्गाकडची. लग्नाआधी गवताचे भारे डोक्यावरून आणलेत, डोंगर उतरून. कामाला मी कधी भ्यायले नाही. पण धाकटी लेक चालायला लागली त्या सुमारास अंग धरलं. आधी मान. मग खांदे, कंबर, मांड्या, तळवे. कुणी उखळात घालून कांडलंय असं. झोपून उठावं तर झोपताना होतं त्याहून जास्त थकलेली. आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवत नसे. लेकीनं गळ्यात हात टाकले तर मी तिला झटकायची. ती रडायची. मीही रडायची, पण भिंतीकडे तोंड करून.

नवरा खाणीवरच्या ट्रकवर ड्रायव्हर. साखळीला खोली घेऊन राहायचा, सुटीला घरी यायचा. माणूस वाईट नाही. त्यानं रक्त तपासून आणलं. सगळं बरं. हाडांचा फोटो काढून आणला. तोही बरा. मग म्हणाला, "रिपोर्टात काय नाय म्हणतत. मी काय करू?"

सासू म्हणाली, "रिपोर्ट बरे इले मा? मगे रडतंस कित्या?"

रिपोर्ट चांगला आला की माणसं पेढे वाटतात. मी मात्र मनात म्हणायची, देवा, काहीतरी वाईट निघू दे. हाड मोडलेलं निघू दे. ज्याचं हाड मोडतं त्याला बघायला गाव येतो. माझ्याकडे कोण येणार? मला कुठे पट्टी होती? सासूनं देवळात प्रसाद लावला. देवाला लावलेली फुलाची पाकळी उजवीकडे पडली तर बाहेरची बाधा, डावीकडे पडली तर नाही. दुपार झाली तरी पाकळी पडली नाही. पुजारी कंटाळला. सासूही उठली. मी खांबाला टेकून बसलेली. त्या गर्दीत इतकी एकटी मी कधीच नव्हते.

भाकऱ्या थापणं सुटलं. सकाळी पाववाल्या पोदेराची सायकल आली की उंडे घ्यायचे आणि तेच चहात बुडवून खायचे. "आमच्या घराक पावाची सवय नाय हां," सासू रोज म्हणायची. रोज.

शेवटी साखळीच्या एका डॉक्टरनं नवऱ्याला सांगितलं, पणजीकडे मोठ्या हॉस्पिटलात सांधेदुखीच्या डॉक्टरला दाखवा. गेलो. वाटलं, आणखी एक रक्ताची बाटली, आणखी एक 'काही नाही'.

ती डॉक्टर वयानं माझ्याहून लहान असेल. तिनं आधी हात धरला नाही. विचारलं, "सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी बोलायला गेले आणि हुंदकाच फुटला. तिनं थांबू दिलं. मग पुष्कळ विचारलं. कुठे कुठे दुखतं, कधीपासून, विसरायला होतं का. शेवटी म्हणाली, "तुम्हाला दुखतंय ते खरं आहे. रक्तात दिसत नाही, एवढंच." दुखण्याचं नावही सांगितलं, फायब्रोमायल्जिया. मला ते धड म्हणताही येईना. दुखणं कळवणाऱ्या नसा नको तेवढ्या जाग्या झाल्यात, म्हणाली. मुळासकट जाईल असं सांगत नाही, पण रोजचं जगणं परत मिळवता येईल.

खरं आहे. बसमध्ये मी तेवढंच घोळवत होते. बरी झाले नव्हते, काही नाही. फक्त खोटी उरले नव्हते.

संध्याकाळी घ्यायची एक छोटी गोळी मिळाली, झोप लागावी आणि दुखणं उतरावं म्हणून. आणि चालणं. मला हसू आलं. दुखणाऱ्याला चालायला सांगतात? आधी नुसतं अंगणाच्या कडेपर्यंत. मग वडापर्यंत. व्यायाम शिकवणारे सर एक-एक हालचाल दाखवायचे आणि म्हणायचे, "दुखेपर्यंत नाही. त्याच्या आधी थांबा."

थांबणं मला येत नव्हतं. आमच्यात बाई थांबते ती ताप आला की, नाहीतर मेली की. एका सकाळी बरं वाटलं तर मी घरातली सगळी अंथरुणं काढून विहिरीवर धुतली. सासू कौतुकानं बघत होती. मग कितीतरी दिवस उठता आलं नाही. सर रागावले नाहीत. म्हणाले, "ताकद येते तेवढीच खर्च करायची. आणि कशावर करायची ते आधी ठरवायचं."

आधी ठरवायचं. आजवर कुणी ठरवलं होतं? सासू, भाटकारीण, देवळातला उत्सव, पाहुणे. मी सोडून सगळ्यांनी. मुकी बिचारी कुणी हाका.

हळूहळू स्वतःची वेणी स्वतः घालायला लागले. हात डोक्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला, त्या दिवशी मी आरशासमोर बराच वेळ उभी होते. बसची पायरी चढता यायला लागली. पहिली भाकरी थापली ती फाटली. पण फुगली. लेकीला मांडीवर घेतलं. दुखलं. दुखू दे म्हटलं. पुन्हा आडवं व्हायचे दिवस यायचे, अजून येतात. पण आता ते कसे काढायचे ते कळतं.

पुढची चवथ तोंडावर आली. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी भाटकारीणबाई स्वतः आमच्या अंगणाशी आल्या. मी तुळशीकडे होते.

"चलतंस, भाकऱ्यो भाजतंस, बाजारात जातंस. म्हणजे ढोंगच होतां ता."

आजारी होते तेव्हा म्हणाल्या, सूज दाखव. उठले तेव्हा म्हणतात, आजारीच नव्हतीस. दुखणं माझं, आणि ते कधी खरं कधी खोटं हे सांगणार या! डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"दुखतां अजून, बाय," मी म्हणाले. "आनी नाय दुखलां तरी येवचंय नाय."

त्यांना आधी कळलंच नाही. मग चेहरा तांबडा झाला. "घर कोणाच्या जाग्यात आसा ता इसारलंस?"

"इसरूक नाय. पण कायदो आमकांय ठावक आसा."

त्या गेल्या. मी तुळशीचा कट्टा धरून उभी राहिले.

कुणी शाबासकी दिली नाही. शेजारणीनं माझ्याशी बोलणं टाकलं. नवऱ्यानं फोनवर एवढंच विचारलं, "गरज होती?" आणि सासूनं लुगडं बदललं. गुडघ्यांना तेल चोळलं.

"मांय, खंय चल्लंस?"

"घर रवाक होया तर कोणीतरी जावक होया." माझ्याकडे न बघता ती निघाली. माझ्या वाटणीचं राबायला.

संध्याकाळी परतली ती भिंत धरत. मी पाणी तापवलं, तिचे पाय शेकले. तिचे गुडघे टम्म सुजले होते. सगळ्यांना दिसेल अशी सूज. तरीही भाटकारांकडे तिला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं.

तेव्हा कळलं. सुजेचा प्रश्नच नव्हता कधी.

पुढल्या चवथीला मी दारात उभी राहणार आहे. सासू ओरडेल, शिव्या घालेल, घर जाईल म्हणून रडेल. त्या दिवशी माझं अंग कदाचित ठणकत असेल. माझी असेल नसेल तेवढी ताकद मी तिथे खर्च करणार. तिला जाऊ देणार नाही.