काकांच्या गिटारवर माझं भाषण

आधीच सांगते: चूक माझी होती, पण एकटीची नव्हती. आमच्या मराठी मंडळाची कमिटीही तितकीच दोषी.

इल्फर्डचे आमचे काका आयुष्यभर लंडनच्या पबमध्ये जॅझ गिटार वाजवत आले. एकाही रेकॉर्ड कंपनीनं त्यांची साधी धून टिपली नाही. हा अन्याय मी पत्रकात ठळक छापला, स्टेशनबाहेर वाटला आणि ठरवलं, आपणच रेकॉर्ड करू. कौन्सिलचा हॉल घेतला, उसनं मिनीडिस्क मशीन आणलं. डिस्क एकच, चौऱ्याहत्तर मिनिटांची.

पण कार्यक्रम मराठी माणसांचा! प्रतिमापूजन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत. मशीन पहिल्यापासून चालू. मग मी उठले. काकांना कुणीच कसं रेकॉर्ड केलं नाही, यावर अर्धा तास संतापले. मी खाली बसले आणि डिस्क संपली.

दोन महिन्यांत काका गेले.

काकूंचा फोन आला, "ती डिस्क आण गं. यांचं वाजवणं एकदा ऐकायचंय."

मंत्र्यांना खरमरीत पत्रं लिहिणारी मी, पण काकूंना खरं सांगायची टाप नव्हती. गेले. डिस्क लावली.

"हे कोण रेकतंय?"

"अध्यक्ष."

"आणि ही?"

"मी. काकू, खरं म्हणजे पुढे..."

"गप. मागे ऐक."

मागे गिटार होती! काका स्टेजवर गिटार मांडीवर घेऊन कंटाळले होते. मी 'शोषण' म्हटलं की एक भेसूर सूर. मी श्वास घेतला की टुणटुण. 'शेवटचा मुद्दा' तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा चक्क प्रेतयात्रेची चाल.

काकूंना हसून हसून चष्मा काढावा लागला. "तुझी खेचतायत गं हे! मी भांडायला लागले की असंच करायचे."

माझा आवाज तरी काढून टाकावा म्हणून मी मिल्टन कीन्सच्या आयटीवाल्या मित्राला गाठलं. तो म्हणाला, "तू गेलीस की गिटारही जाते. भोग."

काकूंनी तशाच सीडी करून काकांच्या जुन्या साथीदारांना पाठवल्या. त्यातल्या एका गोऱ्या ड्रमरनं काकूंना फोन करून विचारलं, गाणारी बाई कोण? सुरात नाही, पण चीड अस्सल आहे.

मी गात नव्हते, हे त्याला अजून पटलेलं नाही. काकूही पटवून देत नाहीत.