तेल लावलेला जीपीएस

"एकही यंत्र सापडलं नाही." लेकीने लॅपटॉपवरची ओळ वाचली आणि तिचा हात तिथेच थांबला. तिसऱ्यांदा हेच. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हाच मला वाटलं, नवऱ्याच्या जागा गेल्या.

जागा म्हणजे समुद्रातल्या, मासे मिळायच्या. आमच्याकडे दर्यावर जाणारा माणूस आपली जागा कोणाला सांगत नाही. बायकोला तर नाहीच. ती बाजारात बसते, तिच्या तोंडाचा काय भरवसा. पूर्वी नवरा डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून जागा ओळखायचा. पुढे हातात मावणारा जीपीएस घेतला आणि सगळ्या जागा त्यात ठेवल्या. चाळीस वर्षं त्याने आणलेले मासे मी विकले. ते कुठून आले, मला ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी छातीत दुखून तो गेला. होडी विकली. जीपीएसचा पडदा त्याआधीच बंद पडलेला, म्हणून तो कोणी मागितला नाही. मला मात्र एकदा बघायचं होतं, हा माणूस रोज जायचा कुठे.

लेक उरणला असते, शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवते. ती म्हणाली, पडदा बंद असला तरी आतलं निघतं. यूएसबीची वायर लावायची, ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, ते पान यंत्राशी बोलतं.

"मंग बोलू दे की."

"असं परस्पर न्हाय बोलत, आये. आधी चौकट येते. तिच्यात वायरीला लावलेल्या यंत्रांची नावं. आपण आपल्या हाताने एक निवडायचं, होकार द्यायचा. त्याशिवाय पान यंत्राला हात लावत न्हाय."

"बरं हाय. माझ्या लग्नात मला कोणी विचारलं न्हवतं."

"आणि बाबांना?"

"त्यांना पण न्हाय."

दोघी हसलो, पण चौकट रिकामीच. तिने वायर बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला. जीपीएसवरचा बारका दिवा लागत होता, नाव काही येईना. मग तिने तो उलटा करून वायरीच्या भोकात डोळा लावला.

"आये, यात काय घातलंस?"

"तेल."

दर्यावरून आलेल्या प्रत्येक वस्तूला खारं पाणी खातं. कोयत्याला, इंजिनाला, सगळ्याला मी खोबरेल चोळत आले. जीपीएसही दर अमावास्येला पुसायचे आणि भोकात एक थेंब सोडायचे. त्याची तेवढीच वस्तू घरात उरली होती. गंजू नये म्हणून.

"आत चार तारा असतात," लेक म्हणाली. "दोन वीज नेतात, दोन बोलणं. वीज जातेय. बोलण्याच्या तारांवर तुझं तेल गोठलंय."

मी उठले. रॉकेल आणि दातांचा जुना ब्रश काढला. तिने हळूहळू घासलं. मग जीपीएस दुपारभर उन्हात ठेवला आणि बोंबलांची राखण करावी तशी मी शेजारी बसले.

ऊन कलल्यावर चौकटीत नाव आलं.

"तू दाब," ती म्हणाली. होकार मी दिला.

निळ्या समुद्रावर एकोणीस ठिपके उमटले. नावं नव्हती, नुसते आकडे. विसावा ठिपका जमिनीवर होता. लेकीने जवळ जाऊन पाहिलं. आमची बोंबील वाळवायची जागा, मी बसायचे तीच. तिचे डोळे भरले.

"आये, ही तुझी जागा."

"चुकून दाबलं असंल. च्या प्यायला यायचा तिथं."

थोड्या वेळाने मीच तिला म्हटलं, पुन्हा मोठं करून दाखव.

सगळ्यात लांबचा ठिपका पार आत दर्यात होता. तिथून आमचा डोंगर दिसत असेल की नाही, कोण जाणे. मी त्यावर बोट ठेवलं. आमच्यात बायका मासेमारीला जात नाहीत. मी त्याच्या होडीत कधी बसले नाही.

त्या जागा ठाऊक असलेल्या आता आम्ही दोघीच. दोघींपैकी एकीलाही होडी हाकता येत नाही.