फळीवरचा माल आणि गोदाम

अख्ख्या जव्हारात स्वतःच्या दुकानातला माल स्वतःच खाऊन संपवणारी दुकानदारीण एकच, आणि ती म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई. दुकान मिठाईचं असतं तर कोणी काही बोललं नसतं; ते होतं वह्या-पुस्तकांचं. पाटीवरच्या पेन्सिलींचा खोका गिऱ्हाइकापुढे ठेवण्याआधी त्या त्यातली एक कुडुमकुडुम चावून बघत. एकदा जवळच्या साखरशेत गावचा एक बाप घाबरून म्हणाला, "बाय, पोराला लिवायला पाह्यजे, खायला नाय." त्यावर जाऊबाईंनी दुसरा खोका काढला, "मग ही ने. ही बेचव आहे." अंगणात सडा पडला की हातातलं काम टाकून त्या ओल्या मातीचा वास घेत उभ्या राहत. ऐन मे महिन्यात स्वेटर घालत. चढावर दर चार पावलांना थांबून भेटेल त्याच्या म्हशीपासून मेहुण्यापर्यंत चौकशी करत. बाईला माणसांची फार हौस, असं आम्ही समजत होतो.

मागे मला ताप आला. डॉक्टर उगाच तपासण्या करायला लावतात अशी खात्री असल्यामुळे जाऊबाई पहारेकरी म्हणून सोबत आल्या. दवाखाना माडीवर. वर पोचल्याबरोबर त्यांनी भांडायला तोंड उघडलं, पण बाहेर नुसती धाप आली. डॉक्टरीणबाईंनी त्यांची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली आणि मला म्हणाल्या, "तुमचं नंतर बघू. आधी यांचं रक्त काढू."

हिमोग्लोबिन निघालं सहा. बारा तरी हवं.

"तुमच्या लाल पेशी लहान आहेत आणि फिकट आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असणारच. आमच्या माहेरी सगळे ठेंगणे नि गोरे."

आमच्या भागात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली, ते काही निघालं नाही. मग फेरिटिन नावाची तपासणी. त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो म्हटल्यावर जाऊबाईंना विषय एकदम पटला. "म्हणजे हिमोग्लोबिन हा फळीवरचा माल, आणि हे गोदाम!"

"बरोबर. आणि तुमचं गोदाम रिकामं आहे. या सांगतात ती पेन्सिल खायची, मातीच्या वासाची ओढ, थंडी, धाप, सगळं त्यातलंच. पाळीत फार जातं का?"

जाऊबाई आयुष्यात प्रथमच हळू आवाजात बोलल्या. "पंधरा-पंधरा दिवस. बायकांना असतंच की."

गर्भाशयात गाठ होती. साधीच निघाली, पण काढावी लागली. त्याआधी सलाइनमधून लोह, नंतर महिनोन्‌महिने गोळ्या. गोळीसोबत चहा चालत नाही म्हटल्यावर त्या डॉक्टरीणबाईंशी आठवडाभर अबोला धरून होत्या. गोळ्यांनी शौचाला काळी होते, ही बातमी त्यांनी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना आपणहून दिली. हळूहळू स्वेटर ट्रंकेत गेला, आणि पेन्सिलींचा खोका प्रथमच भरलेला विकला गेला.

परवा संध्याकाळी आम्ही दोघी सूर्यास्त बघायला पॉइंटवर चालत गेलो. त्या पुढे, मी मागे. वर पोचून त्या दरीकडे बघत उभ्या राहिल्या.

"सासूबाई मला आळशी म्हणायच्या," त्या म्हणाल्या. "पाय ओढत चालते म्हणायच्या. अगं, इतकी वर्षं मलाही तेच खरं वाटत होतं."

मी बोलायला तोंड उघडलं, पण या खेपेला नुसती धाप माझी बाहेर आली. त्यांनी लगेच माझी पापणी खाली ओढून पाहिली.