यतीनने वाट पाहिली

आमच्या मजल्यावरचा यतीन म्हणजे पूनम सागर सोसायटीतला सगळ्यात नेमाचा माणूस. सकाळी साडेआठला दार ओढतो, कुलूप लावतो, दोनदा हिसडून बघतो, मगच जिना उतरतो. कामही तसंच. एका मालवाहतुकीच्या कंपनीत कोणाला कुठल्या फाइली उघडता येतील, कोणाच्या लॅपटॉपवर आणि फोनवर काय चालेल, हे तो सांभाळतो. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "गिरिजाकाकू, चावीवाला आहे मी. फक्त माझ्या चाव्या दिसत नाहीत."

नोकरी सुटलेल्या माणसाची चावी त्याच दिवशी काढायची. यतीनच्या एका सहकाऱ्याने जुन्या मित्राला दोन दिवस जास्त आत राहू दिलं, तर कंपनीने त्यालाच घरी बसवलं. तेव्हापासून यतीन वरून लेखी आल्याशिवाय काही करत नाही.

खालच्या मजल्यावरच्या अभिनवला त्यानेच आपल्या कंपनीत लावलं होतं. दसऱ्याला अभिनवने नवा फोन आणला. मी त्याला हळदकुंकू लावलं आणि यतीनने आमच्याच हॉलमध्ये बसून त्यात ऑफिस बसवलं. म्हणे, फोनचा एक कप्पा ऑफिसला देता येतो, नाहीतर अख्खा फोन ऑफिसचा म्हणून नोंदवता येतो. अख्खा लवकर होतो. पानं वाढली होती.

"यत्या, फोन माझाच राहील ना रे?"

"तुझाच. चार्ज तू करायचा, हुकूम आम्ही करायचा."

सगळे हसलो होतो.

माघात अभिनव गेला. अडतिसावं वर्ष. आंघोळ करून बाहेर येताना दारातच कोसळला. सारखा वाजणारा त्याचा फोन नीलिमाने, त्याच्या बायकोने, बंद करून ठेवला. त्यात चौदा गोष्टी होत्या. पाच वर्षांची सान्वी बाबांच्या आवाजाशिवाय झोपत नसे, म्हणून कामासाठी बाहेरगावी जाताना त्याने त्या स्वतः बोलून ठेवल्या होत्या. दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी यतीन माझ्या दारात उभा. आत येईना.

"काकू, वहिनींना सांगा, तो फोन चालू करू नका. ऑफिसने अभिनवचं नाव काढलं की फोनमधलं सगळं पुसायचा हुकूम आपोआप सुटतो. तो सुटलाय. फोनला इंटरनेट लागलं की पोचणार. रद्द करायची परवानगी मागितलीय मी."

"तूच सांग की तिला."

"कुठल्या तोंडाने? अख्खा फोन ऑफिसच्या नावावर मीच चढवलाय."

मी सांगितलं. नीलिमाने फोन देवघराच्या खणात ठेवला. सुतकात त्यांच्याकडचा दिवा मीच लावायचे, तेव्हा रोज त्या खणालाही हात जोडायचे. संध्याकाळी यतीन दिसला की विचारायचे, "आलं का रे?"

"साहेब बाहेर आहेत."

दुसऱ्या दिवशी, "वकिलांकडे गेलंय."

अकराव्या दिवशी पुरुषमंडळी विधींना गेली होती. सान्वी दोन रात्री झोपली नव्हती. दुपारी तापाने फणफणली आणि बाबांची खेकड्याची गोष्ट हवी म्हणून रडून रडून तिचा घसा बसला. इंटरनेट म्हणजे सिमकार्ड, एवढंच मला ठाऊक. बांगडीतली सेफ्टी पिन काढली, तिच्या टोकाने सिम बाहेर ओढलं आणि नीलिमाला म्हटलं, "लाव आता. काही होत नाही."

कपाटावर वायफायच्या डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. रोजचाच तो. माझं लक्षही गेलं नाही.

"एक होता खेकडा," अभिनव म्हणाला, "त्याला वाटायचं, सगळा समुद्र आपल्याच..."

पडदा काळा झाला. बऱ्याच वेळाने उजळला तो दुकानातून नुकता आणल्यासारखा. भाषा कोणती हवी, विचारत होता. गोष्ट मधेच थांबली म्हणून सान्वीला वाटलं चार्जिंग संपलं. ती चार्जर घेऊन आली.

परवानगी दुसऱ्या दिवशी आली. एका ओळीची. यतीनने मला ती दाखवली.

"काकू, मला रद्द करता येत होतं. पहिल्याच दिवशी. एक बटण होतं. फक्त कोणी दाबलं याची नोंद राहिली असती, माझ्या नावाने."

त्याला काय काय बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण माझ्या बांगडीत ती पिन होती.

तेराव्याला नीलिमाने विचारलं, "काकू, यतीनभावजींच्या हातात काही नव्हतं ना?"

मी देवाच्या दिव्यात तेल घालत होते. यतीन समोरच पानावर बसला होता.

"नव्हतं गं," म्हटलं. तेल दिव्याबाहेर ताटात सांडलं.

यतीन अन्न चिवडत राहिला. तेवढ्यात सान्वी फोन घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"काका, हा भाषा विचारतोय. मराठी दाबलं की बाबा बोलतील?"

यतीनने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थांब हं," तो म्हणाला. "विचारून सांगतो."