तीनच गाड्या नेणारा वना

वनाने वीस वर्षं पाठीवर केळीचे घड वाहिले. चोपड्याकडच्या बागांतून घड ट्रकपर्यंत न्यायचे आणि असे रचायचे की दिल्ली येईपर्यंत एका केळ्याला डाग लागू नये. मग उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, ओझं बंद. सांगायला काय जातं! ज्याचं पोटच ओझ्यावर, त्याने काय करावं? वनाने मेहुण्याची जुनी पिकअप घेतली आणि भुसावळच्या प्रेमराजशेठकडे मोटारसायकली पोचवायचं काम धरलं. रेल्वेवाल्यांच्या बदल्या बारमाही. माणसं रेल्वेने जातात, त्यांच्या मोटारसायकली वनासोबत नागपूरला, सुरतेला जातात.

पहिल्याच फेरीत त्याने घोळ घातला, आणि असला घोळ केळीवालाच घालू जाणे. मोटारसायकली साइड स्टँडवर एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या आणि मधल्या फटींत केळीचा वाळलेला पाला ठासून भरला. केळीला चालतं ते लोखंडाला का चालू नये? सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारीच्या घाटात पाला दबला, दोर सैल पडले आणि एक गाडी दुसरीच्या टाकीवर आडवी झाली. वर पेट्रोल गळून त्याच पाल्यात मुरायला लागलं! एक ठिणगी पडली असती तर वनासकट सगळं खाक झालं असतं. सुरतेला पोचल्यावर त्याने मालकापुढे चूक कबूल केली आणि चेपलेली टाकी नीट करून दिली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून टाकी जवळजवळ रिकामी करायची, स्टँड वर घ्यायचा, पुढचं चाक केबिनमागच्या पत्र्याला टेकवायचं. पट्टे चारही बाजूंनी. पुढचे पट्टे हँडलच्या टोकाला बांधायचे नाहीत, खाली शॉकअपच्या वरच्या जोडापाशी बांधायचे आणि शॉकअप थोडे दबेपर्यंत ताणायचे. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून बायकोने, कमलबाईने, जुन्या लुगड्याचे जाड फासे शिवून दिले होते. आणि पिकअपमध्ये गाड्या तीन. चौथी नाही म्हणजे नाही.

प्रेमराजशेठना ही सगळी थेरं वाटायची. एका सोमवारी सकाळी नागपूरची खेप होती. वनाने तीन गाड्या बांधल्या, तोच शेठ चौथी ढकलत आले.

"वना, हीपण टाक. सरकव मध्ये."

"चौथी मावाव नही, शेठ."

"मावत नाही, की तुझी इच्छा नाही?"

"मनी इच्छा नही."

शेठ भडकले. "बाकीचे सगळे चार नेतात! न्यायच्या तर चार ने. नाहीतर ही खेप जीवराम नेईल, आणि उद्यापासूनच्या सगळ्या तोच नेईल."

जीवराम हा या धंद्यात नवा आलेला ड्रायव्हर. आपली पिकअप घेऊन तो बाजूलाच उभा होता, मान खाली घालून.

वना घाबरला, खोटं कशाला सांगा? केळीच्या बागेत परत जायची सोय नव्हती आणि भुसावळात असलं दुसरं काम नव्हतं. पण हां जी, हां जी करूनच जगायचं तर एक गुडघा गेला तेवढ्यावर भागत नाही, पाठीचा कणाही द्यावा लागतो. तो वना देणार नव्हता.

"मंग जीवरामले द्या," तो म्हणाला. "पन मना पट्टा मी सोडी लिसू."

तो लंगडत वर चढला. पट्टे सोडले, फासे गोळा केले आणि तिन्ही गाड्या फळीवरून एकेक करून खाली घेतल्या. शेठ बघत होते, म्हणून कुणी हात लावला नाही. एकाही गाडीवर ओरखडा नव्हता.

"माज आलाय केळीवाल्याला," शेठ म्हणाले.

"शे ना माज! मनी भरेल गाडी सुतभर हालत नही, त्याना शे."

शेठ पाय आपटत ऑफिसात गेले. वना केबिनमध्ये बसला. डोळ्यांदेखत त्याची भाकरी दुसऱ्याच्या ताटात चालली होती आणि त्याला रडू येईल असं वाटत होतं. तेवढ्यात जीवराम खिडकीशी आला.

"नाना," तो हळूच म्हणाला, "पुढला पट्टा कोठे बांधतस तुम्ही?"

वनाला असा संताप आला की त्या संतापातच तो खाली उतरला आणि जीवरामच्या पिकअपमध्ये चढला. जीवरामने वर चढवलेली पहिली गाडी त्याने स्वतः बांधून दाखवली. दुसरी आणि तिसरी जीवरामकडून बांधून घेतली, एक पट्टा वाकडा बसला तेव्हा शिवी हासडून परत सोडायला लावला. लुगड्याचे फासेही त्याच्याच गळ्यात टाकले.

"वीस किलोमीटरवर थांब. पट्टा ढिला व्हस, परत ताण."

शेठ बाहेर आले. "झाल्या का चार?"

जीवरामने खाली उभ्या असलेल्या चौथ्या गाडीकडे पाहिलं, मग शेठकडे. त्याने पिकअपचा मागचा फाळका उचलला आणि दोन्हीकडच्या कड्या खाडखाड लावून टाकल्या.